बांधावरच्या बाया

"उतरल्या का बाया?"

सकाळी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढता काढता आमच्या मॅडम हा एकच प्रश्न विचारायच्या. कसे आहात नाही, चहा झाला का नाही. सूक्ष्मदर्शकावर जो कुणी आधी बसला असेल त्यानं उत्तर द्यायचं. "नाय, बांधावरच हायत," असं म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "उतरल्या," म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न यायचा, "कुणाच्या सांगण्यावरून?"

आमचं केंद्र कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. बाहेरून पाहिलंत तर तुम्हाला एखादी बंद पडलेली कुक्कुटपालनाची शेड वाटेल. आत म्हशींवर संशोधन चालतं. गेटवरचा वॉचमनही हा रोजचा संवाद ऐकायचा आणि गावात सांगायचा. त्यामुळे एकदा शेजारच्या वाडीतल्या दोघी जणी विचारायला आल्या, "हितं लावणीला बाया घेतात म्हनं?" मॅडमनी त्यांना चहा पाजला, भिंगापाशी बसवलं आणि आतल्या हिरव्या ठिपक्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या बघा आमच्या बाया. ह्यांना मजुरी लागत नाय." दोघी बराच वेळ आळीपाळीनं बघत राहिल्या. जाताना एक म्हणाली, "काजवं हायत गं हे."

मी गुरांचा डॉक्टर. म्हशीच्या अंडाशयातून अंडपेशी काढणं आणि शेवटी तयार झालेला गर्भ दुसऱ्या म्हशीच्या पोटात ठेवणं ही माझी कामं. मधलं सगळं मॅडमचं. अंडपेशीला आम्ही नुसतं बीज म्हणायचो, तेच इथं म्हणतो.

त्या बीजाच्या आत आईचा डीएनए असतो. बापाचा डीएनए शुक्राणू घेऊन येतो. ह्या दोन्हींची नक्कल निघाल्याशिवाय एका पेशीच्या दोन पेशी होत नाहीत, आणि नक्कल काढायला परवाना लागतो. तो परवाना देणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएवर जाऊन बसली की नक्कल सुरू होते. काम झालं की ती उठतात आणि पेशी दुभंगेपर्यंत पुन्हा बसत नाहीत. बीज पिकत असतं तेव्हा ही प्रथिनं आत भरपूर जमलेली असतात, पण डीएनएला शिवत नाहीत. ती कशासाठी थांबतात, कुणाच्या इशाऱ्यावर बसतात, म्हशीच्या बीजात ती वेळ नेमकी कोणती, ह्यात मॅडमची उभी हयात गेली.

एकदा केंद्र बघायला बडी मंडळी आली होती. त्यांच्यातले एक साहेब म्हणाले, जरा सोप्या भाषेत सांगा. मॅडम खालापूरकडच्या भातशेतकऱ्याच्या घरातल्या. सभेत त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण विषय रंगला की त्यांच्या तोंडी गाव यायचं. त्या म्हणाल्या, "साहेब, लावणीच्या बाया बांधावर उभ्या हायत असं समजा. शेत तयार हाय, चिखल तयार हाय, हातात रोपांच्या जुड्या हायत. पण हाक आल्याशिवाय एकही बाई खाली उतरत नाय. हाक बापाची. तो आला की सगळ्या उतरतात, लावणी करतात आणि वर येतात. लावलेल्या वाफ्यात कुणी परत लावत नाय. लावली तर सगळंच कुजतं." साहेबांनी विचारलं, "मग ह्यात बाप काय काय घेऊन येतो?" मॅडम म्हणाल्या, "अर्धा डीएनए आणि एक हाक. बाया सगळ्या आईच्या. पहिले काही दिवस तो गर्भ आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवरच चालतो." साहेबांबरोबर त्यांच्या पत्नी आल्या होत्या. तेवढं ऐकून त्या खळखळून हसल्या.

त्या दिवसापासून आमच्याकडे परवान्याची प्रथिनं हा शब्दच गेला. बाया आल्या.

आम्ही दोघंही भिसेगावात राहायचो, तेव्हा सकाळी मॅडम माझ्या मोटारसायकलवर मागे बसून यायच्या. मांडीवर मोठ्या तोंडाचा थर्मास. त्यात कोमट मिठाचं पाणी आणि त्या पाण्यात मुंबईच्या कत्तलखान्यातून आलेली म्हशींची अंडाशयं. रोजच्या प्रयोगांना लागणारी बीजं आम्ही त्यातूनच काढायचो. गतिरोधक आला की माझ्या खांद्यावर थाप पडायची, "सावकाश रं, माणसं बसलीत." एकदा कर्जतच्या स्टँडवर आम्ही चहाला थांबलो. ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले आणि थर्मास बघून म्हणाले, "घरचा चहा असताना इथं कशाला पिता? आम्हालाही द्या घोटभर." मॅडमनी झाकण उघडून थर्मास त्यांच्या पुढे धरला. गुरुजींनी त्यानंतर कित्येक महिने आमच्या बाजूच्या टेबलावरसुद्धा चहा घेतला नाही.

त्यांचा धाक होता तो वासाचा. बीजाला धूर आणि अत्तर सोसत नाही, हे खरंच आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत सेंट बंद, गजरा बंद, वासाचं तेल बंद. मी एकदा लग्नाहून थेट आलो, तर मला दारातच थांबवून त्यांनी शर्टाचा वास घेतला आणि घरी पाठवलं. आणि उदबत्ती म्हणाल तर तिचं नावसुद्धा काढायचं नाही. खंडेनवमीला सगळीकडे यंत्रांची पूजा होते. आमच्या माणसांनाही हौस. इन्क्युबेटरला झेंडूचा हार घालायचा त्यांचा बेत मॅडमनी पहिल्याच वर्षी मोडून काढला. लोक रुसले. मग त्यांनी तोड काढली. म्हणाल्या, "खरा देव मागच्या शेडमध्ये बसलाय. वीज गेल्यावर आपल्याला कोण तारतं? जनरेटर. त्याची करा पूजा, हवी तेवढी उदबत्ती लावा." तेव्हापासून दर खंडेनवमीला आमच्या जनरेटरला हार, गंध, नारळ, पेढे. वॉचमनच पूजा सांगायचा आणि मॅडम हात जोडून उभ्या राहायच्या.

त्यांचं दुसरं पालुपद असं, "बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाय." हे त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, भाजीवालीला सांगायच्या, आणि मुलगी बघून आलेल्या माझ्या भावालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. पण आमच्या कामात ह्या बघण्याची एक किंमत असते. म्हशीचं बीज चरबीनं काळंकुट्ट असतं, नुसत्या भिंगातून त्याच्या आतलं काही दिसत नाही. बाया बघायच्या तर बीज रसायनात घालून आहे त्या जागी कायमचं थांबवावं लागतं. मग त्यावर रंग चढवायचा, मग दिसतं: बाया डीएनएवर बसलेल्या असतील तर तिथं हिरवं चमकतं, नसतील तर काळोख. एकदा बघितलेलं बीज पुन्हा जगत नाही. कत्तलखान्यातून आलेल्या बीजांच्या बाबतीत हे कधी मनाला लागलं नाही. लागलं ते चांदीच्या वेळी.

चांदी ही यशोदाबाईंची म्हैस. यशोदाबाई कशेळ्याच्या पुढे एका लहान गावात राहतात, बाजाराच्या दिवशी दूध घेऊन कशेळ्याला येतात. त्यांच्या लग्नात आईनं एक पारडी दिली होती, चांदी ही तिच्याच वंशातली. कपाळावर पांढरा चांद म्हणून चांदी. यशोदाबाईंच्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही. आईवडील गेले, भाऊ गेला, घर दुसऱ्यांचं झालं. चांदीला आजवर सगळे रेडकेच, म्हणजे नरच झाले, एक पारडी, म्हणजे मादी झाली ती जगली नाही. शेवटच्या वेताला गर्भाशय बिघडलं आणि म्हैस गाभण राहीना. वयही झालेलं. मी तपासून सांगितलं की ही आता पोटात वाढवू शकणार नाही, पण बीज अजून देते आहे, फार तर ह्या एका हंगामापुरतं.

यशोदाबाई मॅडमना म्हणाल्या होत्या, "बाई, माझ्या आईच्या हातचं येवढंच राहिलंय. ही गेली की माझं माहेर संपलं. एक पारडी द्या हिची."

मॅडम म्हणाल्या, "पारडी का रेडकू ते माझ्या हातात नाय. आणि बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाय. पण जीव तोडून करते."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चांदीला टेंपोतून केंद्रावर आणलं. मी तिची बीजं काढली. चांगली अशी चारच मिळाली. मॅडमनी ती पिकायला इन्क्युबेटरमध्ये ठेवली. शेजारी, नेहमीप्रमाणे, कत्तलखान्यातल्या बीजांची एक वेगळी थाळी. तिच्यात शुक्राणू कधीच सोडायचे नाहीत, तिला आम्ही बिनबापाची थाळी म्हणायचो. बापाशिवाय बाया बांधावरच राहतात ना, एवढंच त्या थाळीनं रोज सांगायचं. खंडेनवमीला सकाळी जनरेटरची पूजा झाली, पेढे वाटले, सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. संध्याकाळी मॅडम एकट्याच आल्या, इन्क्युबेटरवरचं तापमान बघितलं, अगदी बरोबर होतं. त्यांनी चांदीच्या बीजांत शुक्राणू सोडले आणि घरी गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी बिनबापाच्या थाळीतली काही बीजं रंगवायला घेतली. दुपारी मला फोन आला. "डॉक्टर, या." नुसतं एवढंच. आवाजात गावही नव्हतं आणि पुस्तकही नव्हतं.

मी भिंगात बघितलं. जिथं काळोख असायला हवा होता तिथं हिरवा गोळा स्वच्छ दिसत होता. बाया उतरल्या होत्या. बाप नाही, हाक नाही, तरी लावणी सुरू.

असं होतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पिकलेल्या बीजाला अचानक थंडी लागली तर ते फसू शकतं. शुक्राणू आला असं समजून कामाला लागतं. एकाचे दोन, दोनाचे चार असं दुभंगतही जातं आणि बाहेरून अगदी खऱ्या गर्भासारखं दिसतं. पण आत बापाचं काही नसतं आणि त्यातून पारडू कधीच होत नाही. म्हणजे थंडी लागली होती. पण कधी?

मॅडम सरळ गेटवर गेल्या. "काल दुपारी लाइट गेली होती का?"

"गेली होती की," वॉचमन म्हणाला. "पार संध्याकाळ होईस्तवर नव्हती. तुमी यायच्या आधी आली."

"मग जनरेटर?"

वॉचमनचा हात कपाळावर गेला. गंध लावताना मशीन एकदम सुरू होऊ नये म्हणून त्यानं आपोआप चालू होण्याचं बटण बंद केलं होतं. पूजा झाली, नारळ फुटला, बटण तसंच राहिलं. आम्ही मागच्या शेडमध्ये गेलो तेव्हा त्या बटणावरही कुंकवाचं बोट उठलेलं होतं.

वॉचमन रडायलाच आला. मॅडम म्हणाल्या, "तुमी नका रडू. पूजा बाहेर काढली ती मी. बटणाची आठवण मी करायला पायजे होती." मग बटण स्वतः चालू केलं आणि मला म्हणाल्या, "चांदीची बीजंही त्याच कपाटात होती, रं."

आता तुम्हीच बघा पेच कसा होता. चांदीची बीजं फसली असतील तर आमच्या हातात चार पोकळ गर्भ होते. ते दुसऱ्या म्हशींच्या पोटात ठेवायचे, दोन महिने वाट बघायची आणि मग कळणार की काहीच नाही. तोवर चांदीचा हंगाम निघून जाणार. फसलेली आहेत हे आत्ताच कळलं तर चांदीकडून लगेच पुन्हा बीजं घेता येतील. पण तिच्या वयाला तो त्रास पुन्हा द्यायचा म्हणजे तोही धोकाच, विनाकारण द्यायचा नाही. नक्की कळायला एकच वाट होती. चारातलं एक थांबवून, रंगवून, आत बघायचं. दोन गोळे दिसले तर बाप आलाय, एकच दिसला तर फसलंय.

मी म्हटलं, "आपणच ठरवू. त्यांना काय कळणार?"

मॅडम माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. "म्हैस तिची, माहेर तिचं," त्या म्हणाल्या, "आणि तिला विचारायचं नाय?"

आम्ही कशेळ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत आलेलं, घराघरांवर तोरणं. यशोदाबाईंच्या अंगणात शिरलो तर त्यांनी आधी आपट्याची पानं हातात ठेवली. "सोनं घ्या, बाई. सोनं घ्या, डॉक्टर." चांदीच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि ती माळेचंच एक फूल चघळायच्या खटपटीत होती.

मॅडमनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. वीज गेली, बटण बंद राहिलं, चूक आमची, ह्यातलं काही वगळलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, "आपण पेरायच्या आधी भाताचं बी मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघतो ना उगवतंय का? ती मूठ वाया जाते. तसंच हाय हे."

"तसं कसं, बाई?" यशोदाबाई ताडकन म्हणाल्या. "बी पोतंभर असतं. ही चारच हायत. आन् तुमी त्यातलं एक मारणार. तेच खरं असलं तर? तीच माझी पारडी असली तर?"

कुणापुढेही न अडखळणाऱ्या मॅडम आपट्याची पानं हातात चुरत बसल्या. मग म्हणाल्या, "असू शकतं. मी नाय म्हणत नाय. तुमी नको म्हणालात तर चारही ठेवते आणि वाट बघू."

यशोदाबाई उठून चांदीपाशी गेल्या. तिच्या तोंडातलं फूल काढलं, माळ सरळ केली. मग पाठमोऱ्याच विचारलं, "त्या बाया का काय ते सांगत होतात तुमी मागं, त्या कुणाच्या असतात?"

"सगळ्या आईच्या," मॅडम म्हणाल्या. "चांदीच्या."

"म्हंजे माझ्या माहेरच्याच." त्या वळल्या. "मंग बघा. पण कंचं मारायचं ते मला नका दावू. आन् काय दिसलं त्ये मातर मला दावा. ते एक कसं होतं, ते मला बघायचंय."

परत आल्याबरोबर मॅडमनी चार बीजांतलं एक निवडून थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात चपला काढल्या तेव्हा त्या आधीपासून भिंगावर होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न मी विचारला, "उतरल्या का बाया?"

"ये. बघ."

काळ्या गोलात दोन हिरवे गोळे होते. एक जरा मोठा, एक जरा लहान, एकमेकांच्या अगदी जवळ आलेले, आणि कडेला शुक्राणूच्या शेपटीची बारीक रेघ. दोन्ही वाफ्यांत बाया उतरलेल्या. मी आजवर हजार बीजं बघितली असतील, इतकं देखणं एकही नव्हतं.

"खरं होतं रं," मॅडम म्हणाल्या. "बाप आला होता. लावणी सुरू झाली होती. आणि मी मारलं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला. मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं केलं. आता माहीत हाय. बाकीच्या तिघांवरही भरवसा ठेवता येईल. चांदीला आता परत हात लावायचा नाय."

त्या तिघांतले दोन गर्भ नीट वाढले. एक केंद्रातल्या म्हशीत ठेवला, दुसरा यशोदाबाईंच्याच गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीत, तिचं नाव काळी. थांबवलेल्या बीजाचा फोटो मॅडमनी मोठा छापून घेतला, चौकट करून घेतली आणि दिल्या शब्दाप्रमाणे स्वतः नेऊन दिला. पुढच्या वेळी गेलो तर तो फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी, काचेवर हळदकुंकू आणि समोर उदबत्तीचा धूर. मॅडम कळवळून म्हणाल्या, "अहो, त्याची पूजा काय करता!"

"तुमच्या खोलीत नाय ना लावत उदबत्ती?" यशोदाबाई म्हणाल्या. "माझ्या घरात मी लावीन."

केंद्रातली म्हैस गाभण राहिली नाही. पौषात मी काळीला तपासायला गेलो. हात घातला, बोटांना गर्भाची पिशवी लागली. तिथूनच फोन लावला.

"मॅडम, गाभण आहे."

"बघितलंस?"

"हातानं बघितलं."

"मग हो म्हण," त्या म्हणाल्या, आणि पलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं. तसं मोकळं हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

मे महिन्यात मॅडम गेल्या. भिसेगावच्या घरी, दुपारी, आंब्याच्या फोडींना मीठ लावून ठेवता ठेवता. हृदय. शेजारी म्हणून मीच आधी पोचलो. हात धरला, नाडी बघितली, पुन्हा एकदा बघितली आणि मगच घरच्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या दारात आम्ही सगळे चपला काढून उभे होतो आणि कुणी आत जाईना. वॉचमन मागच्या शेडमध्ये जाऊन जनरेटरचं बटण तपासून आला. ते तो अजूनही रोज तपासतो.

श्रावणात यशोदाबाईंचा फोन आला, काळी अडली आहे. मी पोचलो तेव्हा सकाळचं ऊन गोठ्यात आलं होतं. पारडू मोठं होतं, जरा ओढावं लागलं. बाहेर आलं, शिंकलं, मान हलवली. कपाळावर पांढरा चांद. पलीकडच्या दाव्याला बांधलेली चांदी एकसारखी मान वर करून हुंकार देत होती. यशोदाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. आदी नीट बघा. मंग सांगा."

मी मागचा पाय उचलून बघितलं. पुन्हा बघितलं.

"पारडी आहे."

त्या वळल्या नाहीत. भिंतीला कपाळ टेकून रडल्या, अगदी मोठ्यानं, आईला हाक मारून.

दोन दिवसांनी मी पारडीला बघायला गेलो तर खरवस झाला होता. यशोदाबाईंनी एक वडी आधी त्या फोटोसमोर ठेवली. "ही तिच्या बहिणीची," म्हणाल्या. शेजारी दुसरी वडी ठेवली. ती कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मग फळीवरून उदबत्तीचा पुडा काढला, काडेपेटी काढली, एक काडी ओढली. काडी पेटली. ती हातात धरून त्या क्षणभर दुसऱ्या वडीकडे बघत राहिल्या आणि फुंकर मारून त्यांनी काडी विझवली.

"नको," त्या म्हणाल्या. "बाईंना धूर चालायचा नाय."

पुडा परत फळीवर गेला. यशोदाबाईंनी दाराची दुसरी फळीही उघडली, आत वारा येऊ दिला, आणि माझ्यापुढे ताटली सरकवली.